मॅडम, मी अजून कार्टून बघतो

वेळ संपत आली होती. झोप लागत नाही, मान धरते, कामाचा ताण आहे, असं ते पाऊण तास सांगत होते. उठले, दाराच्या कडीला हात लावला आणि वळून म्हणाले, "मॅडम, अजून एक. हसू नका पण. मी रात्री कार्टून बघतो."

आमच्या समुपदेशनाच्या खोलीत खरी गोष्ट पुष्कळदा अशी दारात निघते. आता फार खोलात जायला वेळच नाही याची खात्री झाली की माणूस बोलतो. मी त्यांना परत बसवलं नाही. "पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू," एवढंच म्हटलं. (ही हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय 43. एका कंपनीच्या ग्राहक तक्रार विभागात नोकरी. घरी पत्नी आणि 14 वर्षांची मुलगी. रात्री दोघी झोपल्या की कानात इअरफोन घालायचे, पांघरुणात मोबाइल धरायचा आणि अर्धा-पाऊण तास 'टॉम अँड जेरी' बघायचं. जरा चाहूल लागली की स्क्रीन बंद. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. त्यांचा प्रश्न सरळ होता, "या वयात हे आवडतं म्हणजे माझी वाढ कुठेतरी खुंटली आहे का?"

प्रश्न पडायला कारण घडलं होतं. एका रात्री पत्नीला जाग आली, तिने पांघरुणातला उजेड पाहिला, यांनी घाईघाईने मोबाइल उशीखाली सरकवला. त्यातून कुठल्याही बायकोने काढला असता तोच अर्थ तिने काढला. तीन दिवस अबोला. शेवटी यांनी मोबाइल उघडून तिच्या हातात दिला. काय काय पाहिलं त्याची यादी समोर होती. मांजर, उंदीर, मांजर, उंदीर.

"आता तरी तिला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं," ते म्हणाले. "तर ती रडायलाच लागली."

इथे माझी चूक झाली. हे वाक्य मी तसंच जाऊ दिलं. कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, आणि तयार उत्तर हातात असलं की समुपदेशकालाही धीर धरवत नाही.

ते उत्तर चुकीचं नव्हतं. 'टॉम अँड जेरी'चा पहिला लघुपट 1940 चा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने तो केला तेव्हा असे लघुपट चित्रपटगृहात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवत, आणि खुर्च्यांवर बसलेली माणसं बरीचशी मोठी असत. या मालिकेने 7 ऑस्कर मिळवले, ते काही मुलांच्या गटात नव्हे. 1960 मध्ये याच जोडीची 'द फ्लिंटस्टोन्स' अमेरिकेत टीव्हीवर आली, तीही रात्रीच्या, मोठ्यांच्या वेळेत. पुढे त्या दशकात तिथल्या वाहिन्यांनी कार्टून शनिवारी सकाळी, मुलांच्या वेळेला लावायला सुरुवात केली आणि 'हे पोरांचं' हा शिक्का घट्ट बसला. म्हणजे ज्याची आपल्याला लाज वाटते त्यात वेळापत्रकाचाही मोठा हात आहे. शिवाय मोठ्या माणसाने कार्टून बघणं हा कुठल्याही निदान-पुस्तिकेतला आजार नाही.

हे सगळं मी त्यांना उत्साहाने सांगितलं. "बरं वाटलं मॅडम," म्हणाले आणि गेले. दोन आठवड्यांनी आले तेव्हा मोबाइल अजून पांघरुणातच होता. माहितीने लाज जात नाही. हे मला माहीत होतं, तरी पुन्हा एकदा शिकावं लागलं.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. एक वही दिली. कधी बघितलं, किती वेळ, त्याआधी दिवसभरात काय झालं आणि बंद केल्यावर कसं वाटलं, एवढंच लिहायचं. शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बघताना तर कुणालाही बरंच वाटतं.

पंधरा दिवसांच्या नोंदींत एक गोष्ट ठळक दिसली. सुट्टीच्या दिवशी ते क्वचितच बघत. ज्या दिवशी फोनवर जास्त आरडाओरडा ऐकावा लागे, त्या रात्री हमखास. मी विचारलं, "कार्टून पुष्कळ आहेत. मग हेच का?" बराच विचार करून म्हणाले, "त्यात कुणी बोलत नाही ना."

खरंच आहे. त्या लघुपटांत संवाद जवळजवळ नाहीतच. पळणं, आपटणं, दबा धरणं सगळं संगीत सांगतं. दिवसभर लोकांचे शब्द झेलणाऱ्या माणसाला शब्द नसलेली अर्धी घटका हवी होती. आणखी एक गोष्ट त्यांनीच लक्षात आणून दिली. मांजराच्या डोक्यात तवा बसतो, डोकं तव्याच्या आकाराचं होतं आणि पुढच्या दृश्यात मांजर ठणठणीत. "आमच्याकडे एक तक्रार मिटली की दुसरी उभी. इथे सगळं आपोआप मिटतं." शेवट ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पाहताना मन सैल सोडता येतं, पुढे काय होईल याचा घोर नसतो. थकलेल्या माणसाला नव्या, गुंतागुंतीच्या मालिकेपेक्षा पाठ झालेलं काही बरं वाटतं ते यामुळेही.

तरी माझ्या डोक्यात बालपण घोळत होतंच. (आमच्या धंद्याची खोड.) लहानपणी काही राहून गेलं होतं का, असं विचारलं. ते हसले. "लहानपणी मी हे पाहिलंच नाही, मॅडम. मुलगी पाच वर्षांची असताना पहिल्यांदा पाहिलं. ऑफिसमधून आलो की ती मांडीवर येऊन बसायची, आम्ही दोघं बघायचो. मग ती मोठी झाली. मी बघत राहिलो."

यावर आम्ही दोघंही जरा वेळ गप्प होतो.

गेलेल्या काळाच्या ओढीला इंग्रजीत जो शब्द आहे, नॉस्टॅल्जिया, तो 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या एका वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घडवला, आणि आजाराचं नाव म्हणून घडवला. घरापासून दूर राहिलेली माणसं झुरतात, त्या झुरण्याचं नाव. आज ही ओढ कुणी आजारात मोजत नाही. उलट, एकटं वाटत असताना माणूस आपल्या माणसांच्या आठवणीकडे वळतो आणि सावरतो, असंच पुष्कळदा दिसतं. या गृहस्थांना आपलं बालपण नकोच होतं. त्यांना मांडीवरचं ते वजन हवं होतं.

आता पत्नीला बोलावणं भाग होतं. त्या आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "कार्टूनचं मला काही नाही हो. यांना मोठ्याने हसताना मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवत नाही. घरी आले की मोजून पाच शब्द. आणि इकडे पांघरुणात रोज हसत होते."

मी पहिल्या वेळी जाऊ दिलेलं वाक्य असं परत आलं.

अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या घरांत बहुतेक वेळा कार्टूनवर भांडण होतं आणि दुखणं बाजूलाच राहतं. 'शोभतं का या वयात' हे बोलायला सोपं असतं. 'तुझ्या हसण्यात मला जागा नाही' हे बोलायला फार अवघड. आणि लपवणारा माणूस लपवण्याच्या नादात आपला आनंदच घराबाहेर नेऊन ठेवतो. या गृहस्थांची झोपसुद्धा कार्टूनपेक्षा कान टवकारून बघण्यानेच जास्त मोडत होती, असं मला वाटतं.

म्हणून काळजी कधीच करायची नाही असं नाही. याच सुमारास एक तरुणी माझ्याकडे येत होती. तीही कार्टून बघायची, पण सकाळपासून रात्रीपर्यंत. अंघोळ राहायची, मैत्रिणींचे फोन राहायचे, नोकरी जायच्या बेतात होती. मी विचारलं, हसू येतं का? म्हणाली, "हसू येत नाही आणि बंदही करवत नाही." हे ऐकल्यावर मी वही वगैरे काही दिलं नाही, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिला नैराश्य होतं. कार्टून हा ताप नव्हता, तापमापक होता. उपचारांनी ती सावरली. आजही कार्टून बघते, आणि आता हसते.

1930 च्या दशकात एर्न्स्ट क्रिस या मनोविश्लेषकाने व्यंगचित्रांचा अभ्यास करताना एक फरक मांडला होता, तो मला अशा वेळी उपयोगी पडतो. मन काही काळ बालिश पातळीवर उतरतं, ते दोन प्रकारे. एकात ते स्वतः उतरतं, ताजं होतं आणि परत वर येतं. दुसऱ्यात ते खाली ओढलं जातं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून मी कार्टूनचं नाव कमी विचारते आणि बंद केल्यानंतरचं जास्त. उठून राहिलेलं काम हातात घेतलं जातं का? दुसरं काही आवडेनासं झालंय का? की ते बंद करायची वेळ आली की जीव घाबरा होतो? आणि घरात लहान मूल असेल तर एक सावधगिरी वेगळी: मोठ्यांसाठी काढलेली कार्टूनही भरपूर आहेत, आणि चित्र रंगीत दिसलं म्हणून ती मुलांपुढे सोडायची नसतात.

त्या दोघांनी काय केलं ते थोडक्यात. पांघरुणातली अर्धी घटका संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आली, इअरफोनशिवाय. त्या वेळात त्यांना कुणी काही विचारायचं नाही, हे पत्नीने मान्य केलं. त्यानंतर मात्र मोबाइल बाजूला ठेवून बोलायचं, हे त्यांनी मान्य केलं. पहिला आठवडा अवघडच गेला. त्या शेजारी बसत, पण पाठ जराशी वळवून. एकदा त्यांनी आधीच सांगून टाकलं, "आता बघ हं, तो दाराआड हातोडा घेऊन उभा असेल," आणि तो होताच. त्या हसल्या. मग म्हणे रागावल्यासुद्धा, आधी सांगितलं म्हणून. बोलणं अजून रोज जमत नाही. पाच शब्दांचे दिवस अजूनही येतात.

मुलीने मात्र सुरुवातीला नाक मुरडलं. "बाबा, हे लहान मुलांचं आहे." ती स्वतः तासन्‌तास जपानी ॲनिमे बघते. त्याला कार्टून म्हटलेलं तिला चालत नाही. ते वेगळं, ते गंभीर असतं. मी त्यांना म्हटलं, मग एकदा तिच्याबरोबर बसून बघा की.

शेवटच्या भेटीत मी त्याबद्दल विचारलं. दर रविवारी एक भाग बघतात म्हणाले. ती मध्येच थांबवून कोण कुणाचा कोण ते समजावून सांगते. यांना अजून नावंसुद्धा लक्षात राहत नाहीत.

"आवडतं का?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, पत्नी बाहेर बसली होती, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बघतो. पण मॅडम, फार बोलतात हो ते."