न्यूयॉर्कमध्ये फ्लॅटमध्ये राहून लहान मुलांसोबत हॅलोविन कसा साजरा करावा?

तुम्ही क्वीन्समध्ये नव्याने राहायला आला आहात, मुलं 4 आणि 9 वर्षांची आहेत, आणि मॅनहॅटनची प्रसिद्ध मिरवणूक गाठावी का, असं विचारलं आहे. धाकट्यासाठी तरी ती यंदा सोडा.

ग्रीनिच व्हिलेजची ही मिरवणूक मुखवटे बनवणारे राल्फ ली यांनी 1974 मध्ये सुरू केली. आता ती सिक्स्थ अॅव्हेन्यूवरून संध्याकाळी 7 ला निघते. वेश केलेल्या कुणालाही तिच्यात फुकट चालता येतं, पण त्यासाठी कॅनाल स्ट्रीटच्या बाजूला बराच वेळ ताटकळावं लागतं. नुसती बघायची असेल तर अॅव्हेन्यूच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते आधीच ठरवा, कारण पोलिसांचे कठडे लागले की रस्ता ओलांडणं मुश्किल होतं. 4 वर्षांच्या मुलाला त्या गर्दीत फक्त पाय दिसतात.

त्यापेक्षा क्वीन्समधल्याच जॅक्सन हाइट्सला जा. 37व्या अॅव्हेन्यूवर 31 ऑक्टोबरला संध्याकाळी खास मुलांची मिरवणूक निघते आणि ती लहानांच्या पायांना झेपते. वाटेतली बरीच दुकानंही शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत खाऊ वाटतात. मॅनहॅटनलाच जायचं असेल तर सेंट्रल पार्कच्या पश्चिमेचा वेस्ट 69 स्ट्रीट बघा. तिथे त्या संध्याकाळी गाड्या बंद असतात आणि लोक पायऱ्यांवर बसून खाऊ देतात. साडेचारच्या सुमारास पोचा, उशीर केलात तर खाऊ संपतो.

इमारतीत दारोदार खाऊ मागत फिरायची रीत वेगळी. आठवडाभर आधी लॉबीत एक कागद लागतो आणि ज्यांना मुलं दारात आलेली चालतात ते त्यावर फ्लॅट नंबर लिहितात. लागला नसेल तर सुपरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, विचारून तुम्हीच लावा. यादीत नसलेल्या दाराची बेल वाजवायची नाही. लिफ्टने सगळ्यात वर जाऊन जिन्याने उतरत या, नाहीतर अर्धा वेळ लिफ्टची वाट बघण्यात जातो.

भोपळा मात्र मन लावून कोरा, मुलांना त्याचीच मजा सगळ्यात जास्त येते. 29 किंवा 30 तारखेच्या आधी सुरी लावू नका. इथे 1 ऑक्टोबरपासून हीटिंगचा हंगाम सुरू होतो. दिवसा बाहेर 55 अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरमालकाला घरात किमान 68 ठेवावं लागतं, आणि त्या उबेत कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. झाकण सुरी तिरकी धरून कापा. सरळ कापलेलं आत पडतं. बिया आणि तंतू काढून झाले की चेहऱ्याच्या बाजूची भिंत आतून खरवडत साधारण 1 इंचावर आणा. जाड ठेवलीत तर डोळे कापताना सुरी अडकते, फार पातळ केलीत तर दुसऱ्या दिवशी दात आत मुडपतात. रेखाटन आणि गर काढणं मुलांकडे द्या, सुरी तुमच्याच हातात ठेवा. आत पणती नको, बॅटरीचा दिवा लावा. आणि कितीही शोभला तरी भोपळा फायर एस्केपवर, म्हणजे आग लागली तर उतरायच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यावर, ठेवू नका, तिथे काहीही ठेवायला कायद्याने बंदी आहे.

वेश शिवताना किंवा विकत घेताना खाली गरम बनियन मावेल एवढा सैल घ्या आणि घोट्याच्या वर संपेल असा बघा, सबवेच्या जिन्यावर लांब झगे पायात येतात. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवला तर बाजूचंही नीट दिसतं.

शाकाहारी असाल तर रात्री पिशवी रिकामी करून वेष्टनं वाचा. कँडी कॉर्न, स्टारबर्स्ट आणि बहुतेक गमींमध्ये (चघळायच्या मऊ गोळ्यांमध्ये) प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. स्किटल्समध्ये नसतं. तुम्ही वाटणार असाल तर शेंगदाण्याचं आणि बिनशेंगदाण्याचं वेगळ्या भांड्यांत ठेवा, अॅलर्जी असलेली मुलं इथे बरीच आहेत. घरी केलेले लाडू-वड्या देऊ नका, सीलबंद नसलेला खाऊ पालक फेकून देतात.

1 नोव्हेंबरला दिवा काढून भोपळा इमारतीच्या कंपोस्टच्या डब्यात टाका. फक्त त्याला रंग किंवा चमकी लावलेली नसावी.