बाई, इथे राहून शास्त्रज्ञ होता येतं का?

प्रश्न : बाई, मुंबईत पोषणशास्त्रात एम.एस्सी. करून मी गावी परत आले. एका प्रकल्पात कंत्राटी काम आहे. अंगणवाड्यांतून फिरते, मुलांची वजनं-उंच्या घेते, तक्ते भरून वर पाठवते. पुढे त्यांचं काय होतं, देव जाणे. प्रश्न ठरवणारे हैदराबाद-दिल्लीला, नाहीतर परदेशात; आम्ही नुसत्या मोजणाऱ्या. घरचे म्हणतात, ठाण्याला डाएट क्लिनिक टाक. इथे राहून शास्त्रज्ञ होता येतं का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : होता येतं. क्लिनिकला मी नाक मुरडणार नाही. मधुमेह ठाण्यातही आहे आणि तिथल्या लोकांनाही कुणीतरी नीट सांगायला हवं. फक्त ते काम वेगळं.

‘नुसत्या मोजणाऱ्या’ हे तू फार हलक्याने लिहिलंयस, म्हणून आधी त्यावर बोलते. दोन वर्षांच्या मुलीची उंची साधारण ८६ सेंटिमीटर धरतात. त्याच्याखाली साडेसहा सेंटिमीटर गेली की ती खुजी ठरते. म्हणजे मोजताना एक-दीड सेंटिमीटर इकडचं तिकडे झालं तरी तालुक्याचा आकडा हलतो. पोर रडतंय, टाच उचलली गेलीय, डोक्यावर आईने हौसेने शेंडी बांधलीय, झाला सेंटिमीटर. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. यात अदलाबदल केली तर ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. तुझ्या किती सेविकांना हे कुणी समोर बसून दाखवलंय? एक कर. एकच मूल आधी तू मोज, मग तुझा आकडा न बघता सेविकेला मोजू दे, आणि फरक वहीत लिहून ठेव. वीसेक मुलांचं झालं की तुमच्या आकड्यांवर कितपत भरवसा ठेवायचा ते तुला वरच्या कुठल्याही साहेबापेक्षा जास्त कळेल. बैठकीत आपल्या आकड्यातली चूक किती हे ज्या बाईला सांगता येतं, तिला गप्प बसवणं कठीण असतं. नेतृत्वाची शिबिरं भरवतात हल्ली. त्यांत हे शिकवत असतील तर जरूर जा.

आता प्रश्न कोण ठरवतं ते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत होते. पाश्चात्त्य पुस्तकांप्रमाणे मधुमेह लठ्ठ माणसाचा. समोर बसलेली माणसं मात्र किडकिडीत. त्यांनी माणसांवर विश्वास ठेवला. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांची नोंद सुरू झाली, तीही दिवस राहण्याच्या आधीपासून. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांचा स्नायू आणि अवयवांचा भाग जितका कमी, तितकी चरबी कमी नव्हती. हडकुळं दिसणारं, तरी तुलनेने चरबी राखून असलेलं बाळ. हा प्रश्न परदेशी विद्यापीठात बसून कुणाला सुचला नसता. साउदॅम्प्टनचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले, पण आपल्या बाह्यरुग्ण विभागातून निघालेल्या प्रश्नावर.

तुझ्याकडे असा प्रश्न आहे का? मला एक दिसतो, हवा तर घे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी शाकारलेल्या, हातात पैसा कमी, बाजारात ताजी मासळी नाही, असली तरी परवडत नाही. त्या दोन महिन्यांत दाभोळ-वेळणेश्वर पट्ट्यातलं दीड वर्षाचं पोर काय खातं? ‘सुकं असतं की’ असं सगळे म्हणतील. असतं, पण जवळा, सोडे, सुकी मांदेली त्या पोराच्या ताटात पडतात, की तिखट म्हणून मोठ्यांच्याच? त्याला नुसता भात आणि चहाबिस्किट मिळतं का? बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जाते, त्यातून कॅल्शियम मिळतं. पोराला भरवताना मात्र आई काटा काढते. म्हणजे घरात सुकं आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत त्याच घरांत जा. काल सकाळपासून रात्रीपर्यंत पोराने काय खाल्लं ते विचार, घरातलीच वाटी आणि चमचा समोर ठेवून. ‘खातो सगळं’ या उत्तरावर उठू नकोस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांचे तक्ते काढलेत. हिशेब त्यांवरून कर. एखादी रानभाजी किंवा मासळी त्यांत सापडली नाही तर तिची यादी वेगळी ठेव, ती पुढच्या कामाला लागेल.

हे एकटीने आणि परवानगीशिवाय मात्र करायचं नाही. संशोधनात लोकांना अपाय होणार नाही ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि ती लागायलाच हवी. बायका ओळखीची म्हणून तुला घरात घेतात, त्याचा फायदा उठवायचा नाही. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा दीर्घकाळाचा अभ्यास चालू आहे. त्यांच्याकडे जा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे. या तिन्ही जागा तुझ्यापासून एसटीच्या अंतरावर आहेत. मार्गदर्शक मिळाला की पीएच.डी.ची नोंदणी यातूनच होईल. आधी पीएच.डी. आणि मग प्रश्न, हा उलटा क्रम मला कधी पटला नाही.

आणि हैदराबादचा दबदबा वाटत असेल तर एवढं वाच. ती पोषण संस्था १९१८ साली तामिळनाडूतल्या कुन्नूरला एका खोलीत सुरू झाली, रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या हाताखाली, बेरीबेरी या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या रोगाची चौकशी म्हणून. हैदराबादला गेली १९५८ साली. मधल्या काळात तिथल्याच डब्ल्यू. आर. एक्रॉइड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आंध्रच्या किनाऱ्यावर कच्चा तांदूळ गिरणीत पांढरा करून खाणाऱ्यांना बेरीबेरी होते, उकडा खाणाऱ्यांना नाही. भात उकडताना कोंड्यालगतचं थायमिन, म्हणजे बेरीबेरी टाळणारं ब-१ जीवनसत्त्व, दाण्यात आत मुरतं आणि मग गिरणीत सडून पांढरा करताना निघून जात नाही. आपल्याकडे उकड्याची पेज मागास म्हणून सोडून देणाऱ्या घरांना हे सांगायला तुझ्यासारखीच कुणीतरी लागते.

प्रश्न : आमच्या संस्थेला एका मुंबईकर चाकरमान्याने घसघशीत देणगी दिली आहे. ग्रामीण पोषण संशोधन केंद्र काढायचे ठरले. इमारतीचा नकाशा तयार आहे. प्रयोगशाळेत कोणती यंत्रे घ्यावीत, याचे मार्गदर्शन व्हावे.
– निवृत्त मुख्याध्यापक, मालवण

उत्तर : गुरुजी, नकाशा कपाटात ठेवा.

खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्याच्या विजेत नाजूक यंत्रं किती टिकतात ते तुम्ही शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत पाहिलंच असेल. बिघडलं की दुरुस्तीचा माणूस मुंबईहून येतो, गणपतीत येतही नाही. रक्त आणि धान्याचे नमुने बाहेर तपासून घेता येतात; त्यासाठी डीप फ्रीझर आणि जनरेटर पुरे.

मध्य अमेरिकेतल्या सहा छोट्या देशांनी मिळून १९४९ साली ग्वातेमालात पोषणसंस्था काढली, इन्कॅप नावाची. पहिला संचालक अमेरिकन, नेव्हिन स्क्रिमशॉ. पण सुरुवातीपासून तिथल्याच तरुण डॉक्टरांना आणि रसायनशास्त्रज्ञांना शिष्यवृत्तीवर बाहेर शिकायला पाठवलं, आणि परतल्यावर संस्थेत काम दिलं. १९६१ साली ग्वातेमालाचेच मोइसेस बेहार संचालक झाले. मका आणि सरकीच्या पेंडीचं पीठ मिसळून तिथे इन्कापारिना नावाचं स्वस्त पूरक अन्न तयार झालं, ते आजही तिथल्या दुकानांत मिळतं. स्थानिक पीक, स्थानिक माणसं.

तेव्हा देणगीतून दोन मुली निवडा, सिंधुदुर्गातल्याच, लग्न ठरलंय की नाही हे न विचारता. एकीला पोषणशास्त्र शिकू द्या, दुसरीला संख्याशास्त्र. संख्याशास्त्रवालीला लोक विसरतात आणि मग आकड्यांची बोचकी घेऊन मुंबईला फिरतात. परत आल्यावर निदान पाच वर्षं पगार मिळेल असं आत्ताच कागदावर लिहून द्या. देणगीदाराला दगडावर नाव हवं असेल, तर शिष्यवृत्तीला त्याच्या आईचं नाव द्या. बहुधा तो ऐकेल. जागा म्हणून शाळेची एक रिकामी खोली चालेल.

यंत्रांपैकी उंची मोजायचं, तान्ही मुलं झोपवून मोजायचं आणि चांगला वजनकाटा, एवढीच घ्या. आणि काट्यावर दर सोमवारी प्रमाणित वजन ठेवून बघायला एक माणूस नेमा.