वाचकांचे प्रश्न : ऑपरेटर बरोबर, मग उत्तर शून्य का?

प्रश्न : कोकमातल्या हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाच्या लॅक्टोनचे (वलयाकार एस्टरचे) ऑप्टिकल रोटेशन, म्हणजे ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती फिरते ते, डाल्टन या क्वांटम-रसायनशास्त्राच्या प्रोग्राममध्ये काढते आहे. रिस्पॉन्सच्या लिनिअर विभागात द्विध्रुवाचे आणि कोनीय संवेगाचे तीन-तीन ऑपरेटर दिले. पोलरायझेबिलिटी (द्विध्रुव-द्विध्रुव प्रतिसाद) ठीक येते, पण द्विध्रुव आणि कोनीय संवेग या जोडीचे सगळे आकडे शून्य. लेबल (ऑपरेटरचे नाव) चुकले का?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : लेबल ठीक आहेत; तुम्ही प्रकाशाची वारंवारता दिलेली दिसत नाही. ती न दिल्यास शून्य धरली जाते. द्विध्रुव हा वास्तव ऑपरेटर, कोनीय संवेग काल्पनिक. अशा जोडीचा प्रतिसाद शून्य वारंवारतेला शून्यच असतो. वारंवारता अणु-एककांत द्या : ४५.५६३४ भागिले नॅनोमीटरमधली तरंगलांबी. सोडियमच्या ५८९.३ नॅनोमीटरसाठी ०.०७७३. आधी वारंवारता किती आहेत ती संख्या, मग पुढच्या ओळीत किमती.

रोटेशनसाठी लागणारा चुंबकीय द्विध्रुव म्हणजे कोनीय संवेगाच्या उणे अर्धा. हा गुणक विसरला तर आकडा दुप्पट येतो आणि चिन्हही उलटते. लॅक्टोन वामवलनी (प्रतल डावीकडे फिरवणारे) की दक्षिणवलनी (उजवीकडे) हेच तपासायचे असताना ही चूक फार महागात पडते.

आता खरा धोका. आरंभबिंदू (कोनीय संवेग ज्याभोवती मोजतात तो बिंदू) जागेवरच ठेवून रेणू दहा बोर (लांबीचे अणु-एकक) सरकवा आणि गणना पुन्हा करा. पोलरायझेबिलिटी हलणार नाही, कारण द्विध्रुवात फक्त एक स्थिरांक मिसळतो. कोनीय संवेगात मात्र रेषीय संवेगाचा तुकडा मिसळतो, आणि बेसिस (ऑर्बिटल्स मांडायच्या फलनांचा संच) अपुरा असल्याने रोटेशन बदलते. द्विध्रुवाऐवजी वेगरूप (रेषीय संवेगाचा) ऑपरेटर वापरला तर आरंभबिंदूची अडचण जाते. पण आता दोन्ही ऑपरेटर काल्पनिक, म्हणून शून्य वारंवारतेलाही उत्तर उरते. ते वजा करावेच लागते. गणनेची पद्धत हार्ट्री-फॉक किंवा डीएफटी असेल तर लंडन ऑर्बिटल्स (उत्तर आरंभबिंदूवर अवलंबून राहू न देणारी) घ्या, हाच मार्ग आम्ही सुचवू.

बेसिस किमान ऑग-सीसी-पीव्हीडीझेड. विसरित (केंद्रकापासून दूर पसरलेली) फलने नसतील तर आकड्यावर भरवसा ठेवू नका. हे सगळे आधी वळलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडवर करून पाहा, काही मिनिटांचे काम आहे. लॅक्टोनवर एक हायड्रॉक्सिल आणि दोन कार्बोक्झिल गट आहेत. ते फिरले की रोटेशनचे चिन्हही बदलू शकते, म्हणून एकाच रचनेवर थांबू नका : वेगवेगळ्या रचनांची ऊर्जेनुसार भारित (बोल्ट्झमन) सरासरी काढा.