‘चर्चचे ऋतू’ का खटकतात?

फोंड्याहून एका वाचकाने विचारलं आहे. पणजीत ऑर्गनवादनाचा एक कार्यक्रम आहे आणि त्याचं मराठी निवेदन त्यांच्याकडे आलं आहे. मूळ इंग्रजी मजकुरात ‘चर्च सीझन्स’ (म्हणजे चर्चच्या उपासना-वर्षाचे भाग) आणि ‘सेरेमोनियल ऑकेजन्स’ यांसाठी संगीत कसं निवडतात ते सांगितलं आहे. त्यांनी ‘चर्चचे ऋतू व औपचारिक प्रसंग’ असं लिहून पाहिलं, पण कानाला बरं वाटेना. शिवाय ‘उपवासकाळात ऑर्गन वाजवण्यास बंदी असते’ हे वाक्य बरोबर आहे का, असंही त्यांनी विचारलं आहे. उपवासकाळ म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्ताचा काळ.

व्युत्पत्ती पाहिली तर ‘ऋतू’ इथे छान बसला असता. वैदिक भाषेत ऋतू म्हणजे ठरलेली, योग्य वेळ. अशा वेळी यजन करणारा तो ऋत्विज. म्हणजे उपासनेचं वेळापत्रक त्या शब्दाच्या पोटातच आहे. पण आज ऋतू म्हटलं की मराठी माणसाला ऊन, पाऊस आणि थंडीच आठवते. ‘हंगाम’चंही तसंच. फारसीत त्याचा अर्थ वेळ, पण आपल्याकडे तो आंब्या-काजूला चिकटला तो कायमचा.

योग्य शब्द आहे ‘काळ’, आणि तो नव्याने घडवण्याची गरज नाही. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजात आगमनकाळ (नाताळची वाट पाहण्याचा), नाताळकाळ, उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ (ईस्टरपासूनचा), सामान्यकाळ असे शब्द रुळलेले आहेत. ‘उपवासकाळ’ म्हणताना गोव्याच्या श्रोत्यांसाठी एकदा ‘करेज्म’ही म्हणा. पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’वरून कोकणीत आलेला तो शब्द. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘चाळिसावा’ आहे, कारण हा काळ चाळीस दिवसांचा मानतात. ‘सामान्यकाळ’ या शब्दाने मात्र थोडी फसगत होते. इंग्रजीतल्या ‘ऑर्डिनरी’चा इथला अर्थ साधासुधा असा नसून क्रमाने मोजलेले आठवडे असा आहे. तरी रुळलेला शब्द बदलू नये. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, हेही निवेदनात यावं. नाहीतर कार्यक्रमाचा क्रम श्रोत्यांना उलटा वाटेल. जर्मन संगीतकार बाखने वायमार या गावी असताना ऑर्गनसाठी याच क्रमाने एक वही योजली होती. ठरवल्या होत्या 164 रचना, त्यांतल्या 46 पूर्ण झाल्या, आणि तिची सुरुवातही आगमनकाळापासूनच होते.

आता ‘बंदी’चं वाक्य. ते तसंच गेलं तर श्रोत्यांपर्यंत चुकीची माहिती जाईल, म्हणून त्यावर जरा थांबतो.

मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. कॅथलिक चर्चच्या मिस्साग्रंथाचा नियम असा: उपवासकाळात ऑर्गन आणि इतर वाद्यं गाण्याला आधार देण्यापुरतीच वाजवावीत. या काळातला चौथा रविवार आणि मधे येणारे मोठे सण यांना त्यातून सूट आहे. म्हणजे वाद्य बंद नसतं, त्याचं एकट्याने वाजणं बंद असतं. हा फरक सांगायला इंग्रजीला लांबलचक वाक्य करावं लागतं. आपल्याकडे मात्र ‘साथ’ आणि ‘स्वतंत्र वादन’ ही जोडी तयार आहे. भजनाला बसणारा कोणताही पेटीवाला ती एका क्षणात समजेल. तेव्हा ‘उपवासकाळात ऑर्गन फक्त साथीला असतो’ असं लिहा.

आगमनकाळाचा नियम याहून सैल आहे. तिथे ऑर्गन चालतो, पण नाताळचा पुरा आनंद आधीच सांडून टाकायचा नाही. यासाठी मला ‘बेताने’ हा शब्द सगळ्यांत आवडतो. ‘संयतपणे’ने अर्थ पोचतो, पण ‘बेताने’मध्ये पुढे काहीतरी मोठं येणार आहे म्हणून हात राखून ठेवणंही येतं. गोव्यात या बेताला दोनदा मोकळीक मिळते: 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, आणि 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त. दोन्ही आगमनकाळातच येतात, म्हणून ‘आगमनकाळभर ऑर्गन हळूच वाजतो’ असं सरसकट विधान इथे करू नका.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताच्या वेळी घंटा वाजतात आणि मग थांबतात, त्या ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, पुनरुत्थानाच्या जागरणाच्या ग्लोरियापर्यंत. मधल्या वेळात ऑर्गनही साथीपुरताच.

‘ऑर्गन’ या शब्दाचीही एक अडचण आहे, ती तुम्ही विचारली नसली तरी. गोव्यातल्या मराठी श्रोत्याला ऑर्गन म्हटलं की बालगंधर्वांची नाटकं आठवतात. तो पायाने भाता हलवायचा आणि धातूच्या पातळ पट्ट्यांवर बोलणारा ऑर्गन. चर्चसाठीच्या या रचना मुळात ज्याच्यासाठी लिहिल्या, त्यात पट्ट्यांच्या जागी नळ्यांच्या रांगा असतात. वादक समोरचा खटका ओढतो, की एक रांग बोलू लागते. खटक्यावर 8 लिहिलं असेल तर त्या रांगेतली सर्वांत लांब नळी साधारण आठ फुटांची, आणि सूर जिथल्या तिथे. 4 असेल तर वादकाने बोटाखालची तीच पट्टी दाबूनही सूर एक सप्तक वर, 16 असेल तर एक सप्तक खाली, खर्जात. उपवासकाळात गाण्यामागे आठ फुटी बासरीसारखी एखादी रांग पुरते. पुनरुत्थानाच्या दिवशी त्यावर चार, दोन, शिवाय तुतारीसारख्या रांगा चढतात आणि पायांखालून सोळा फुटी खर्ज येतो. काळानुसार संगीत निवडणं म्हणजे रचना निवडणं आणि हे खटके निवडणंही. ही गोष्ट निवेदनात दोन वाक्यांत जरूर सांगा. पहिल्यांदा ‘पाइप ऑर्गन’ म्हणा, पुढे नुसतं ‘ऑर्गन’ चालेल. त्या सभागृहात इलेक्ट्रॉनिक ऑर्गन असेल तर तसं स्पष्ट म्हणा. खटक्यांवरचे आकडे त्यावरही तेच असतात.

राहिला ‘औपचारिक प्रसंग’. ‘उपचार’ हा शब्द षोडशोपचार पूजेत अजून भक्तीने भरलेला आहे, पण ‘औपचारिक’ वाळून गेला. आता त्याचा अर्थ उरला आहे केवळ रीत म्हणून केलेलं. ‘सोहळा’ लग्नाला आणि गुरुदीक्षेला (नव्या धर्मगुरूच्या दीक्षेला) शोभतो, मृतांसाठीच्या मिस्साला नाही. दोन्हींना पुरेल असा शब्द ‘विधी’.

लग्नाबद्दल एक माहिती तुमच्या श्रोत्यांना खास रुचेल. लग्नात वधू येते तेव्हाची आणि जोडपं बाहेर पडतं तेव्हाची अशा ज्या दोन धून जगभर वाजतात, त्या दोन्ही रंगभूमीवरून आल्या आहेत: पहिली वाग्नरच्या 1850 च्या ऑपेरातली, दुसरी मेंडेल्सोनने शेक्सपिअरच्या नाटकासाठी दिलेल्या संगीतातली. म्हणूनच काही धर्मप्रांतांत (एकेका बिशपच्या अखत्यारीतल्या भागांत) त्या लग्नविधीत नको म्हणतात. देवळाच्या मंडपात नाट्यपद सहज ऐकणाऱ्या आपल्या माणसांना हे नवल वाटेल, तेव्हा कारण सांगूनच पुढे जा. मृतांसाठीच्या मिस्सात तर 1967 च्या रोमच्या सूचनेने स्वतंत्र वादनच नाकारलं होतं. तिथेही पुन्हा ‘साथ’ हाच शब्द उपयोगी पडेल.

शीर्षक मी असं सुचवेन: ‘चर्चचे काळ, सण आणि विधी: ऑर्गनसाठीच्या रचना’. ‘संगीताची निवड’ हे शब्द शीर्षकात घेऊ नका, ते निवेदनाच्या पहिल्या वाक्यात येऊ द्या.