वाचकांचे प्रश्न: ‘कम ट्रू’, झोप आणि छातीवर बसणारी सावली

अँथनी स्कॉट बर्न्स यांच्या ‘कम ट्रू’ (२०२०) या कॅनेडियन भयपटाबद्दल आलेल्या पत्रांत सरळ दोन तट आहेत. एक तट चित्रपटावर फिदा, दुसरा तिकिटाचे पैसे परत मागणारा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी कथानक एवढंच: घराबाहेर राहणारी, बागेतल्या घसरगुंडीच्या नळीत झोपणारी अठरा वर्षांची सारा झोपेच्या एका प्रयोगात नाव नोंदवते. पैसेही मिळतात आणि अंथरूणही. तिची स्वप्नं संशोधक पडद्यावर बघत असतात, हे तिला नंतर कळतं. पहिल्याच उत्तरात चित्रपटाचा शेवट उघड केला आहे, तेव्हा ज्यांना पाहायचा आहे त्यांनी ते ओलांडून पुढे जावं.

पावणेदोन तास जीव मुठीत धरून बसलो आणि शेवटी मोबाइलवर एक मेसेज! ही शुद्ध फसवणूक नाही का? (नाशिक)

मेसेजचा आशय असा: तू वीस वर्षं कोमात आहेस, आम्ही नवी पद्धत वापरून हा निरोप पाठवतोय, तुझ्या स्वप्नात तो कुठे उमटेल ते सांगता येत नाही, कृपा करून जागी हो. या धर्तीचा मजकूर इंटरनेटवर आधीपासून फिरत होता. तो ज्यांनी वाचला होता त्यांचा धक्का तिथेच निम्मा झाला. नाराजीचं मोठं कारण हेच असावं.

फसवणूक मात्र म्हणवत नाही, कारण खुणा पेरलेल्या आहेत. साराच्या हातात आजचा मोबाइल आणि प्रयोगशाळेत जाडजूड जुने मॉनिटर. रस्ते, खोल्या कायम ओस. प्रयोग बघणारा जेरेमी आणि सारा यांची जवळीक तर पुष्कळांना खटकली. संशोधक आणि त्याच्या प्रयोगातली मुलगी यांच्यात असं काही घडू नये, हा आक्षेप रास्तच आहे. ‘सगळंच स्वप्न होतं’ एवढ्यावर तो प्रसंग खपवून नेता येत नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. हा दिग्दर्शक चित्रपटभर स्पष्टीकरणं गाळत जातो. प्रसंग मधूनच सुरू होतात, मधूनच तुटतात. आणि शेवटी तोच चार ओळींत सगळ्याचा उलगडा हातात ठेवतो. मेसेजच्या आधीच्या आरशाच्या प्रसंगावर चित्रपट संपवला असता तर भांडण कमी झालं नसतं, पण ते जास्त चांगल्या मुद्द्यावर झालं असतं. पुन्हा पाहणार असाल तर पहिला अर्धा तासच पाहा. सारा प्रत्येक जागी पोहोचताना किती वेळा दिसते आणि किती वेळा थेट ‘असते’, तेवढंच मोजा.

चित्रपटाच्या भागांना दिलेली नावं कशाची? (बेळगाव)

कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या संकल्पनांची: पर्सोना, म्हणजे जगाला दाखवायचा मुखवटा; अ‍ॅनिमा आणि अ‍ॅनिमस, म्हणजे पुरुषाच्या मनातलं स्त्रीरूप आणि स्त्रीच्या मनातलं पुरुषरूप; शॅडो, म्हणजे आपणच नाकारलेला आपला भाग; आणि सेल्फ, म्हणजे या सगळ्याला सामावणारं पूर्णत्व. प्रयोगातल्या सगळ्यांच्या स्वप्नात तीच काळी आकृती का येते, याचं चित्रपटाचं उत्तर या चौकटीत आहे. ते माहीत नसलं तरी भीती वाटायची थांबत नाही.

स्वप्न खरंच असं पडद्यावर दिसतं का? आणि झोपेच्या प्रयोगशाळा अशा असतात का? (पुणे, ठाणे, इंदूर)

चित्रपटात दिसतं तसं चलच्चित्र आज कोणत्याही यंत्रातून निघत नाही. सर्वांत जवळ गेलेलं काम जपानच्या क्योतोमधलं. युकियासू कामितानी यांच्या गटाने ते २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. तीन जणांना एफएमआरआय यंत्रात झोपवायचं, डोळा लागतालागता उठवायचं, काय दिसलं ते विचारायचं. असं प्रत्येकाबाबत सुमारे दोनशे वेळा. मग मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या नमुन्यावरून ‘माणूस’, ‘गाडी’, ‘इमारत’ असा वर्ग ओळखायचा. अचूकता साधारण ६० टक्के होती. म्हणजे दिसला तो वस्तूचा प्रकार. तिचं चित्र नव्हे. शिवाय एफएमआरआय म्हणजे कानठळ्या बसवणारं भलंमोठं चुंबक. साराला घालतात तसला पोशाख चढवून साध्या खाटेवर हे होणार नाही. डोक्यावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून तर नाहीच, कारण कवटीतून बाहेर येईपर्यंत मेंदूचे विद्युत संकेत एकमेकांत मिसळून पसरट होतात.

खऱ्या तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. डोक्यावर इलेक्ट्रोड, दोन्ही डोळ्यांच्या कडेला एकेक, हनुवटीवर, पोटऱ्यांवर, छातीवर ईसीजी, नाकाशी श्वासाची नळी, छाती-पोटावर पट्टे आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी. नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात, म्हणजे आठ तासांचे ९६० तुकडे. हनुवटीचा इलेक्ट्रोड लोकांना फालतू वाटतो, पण तोच निर्णायक. डोळे भराभर हलतायत आणि हनुवटीचा स्नायू पूर्ण ढिला पडलाय, तर तो आरईएम टप्पा, म्हणजे ठसठशीत स्वप्नांची वेळ. नव्या जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते, म्हणून संशोधनात बहुधा पहिल्या रात्रीची नोंद बाजूला ठेवतात.

चित्रपटाची मोठी चूक मात्र वेगळीच. झोपेत चालणं हे सहसा गाढ, आरईएम नसलेल्या झोपेतलं. आणि अंग लुळं पडून सावली दिसणं हे आरईएमचं. सारा दोन्ही गोष्टी एकाच ओघात करते. भयपट म्हणून चालेल, माहिती म्हणून धरू नका.

मला स्वतःला पहाटे अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं आणि दाराशी काळी आकृती दिसते. चित्रपट बघून थिजलेच. हा आजार आहे का? (रत्नागिरी)

याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. आपल्याकडे त्याचा दोष हडळीवर किंवा समंधावर टाकतात, जपानमध्ये त्याला कानाशिबारी म्हणतात, न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी छातीवर बसते. हेन्री फ्यूझेलीने १७८१ मध्ये झोपलेल्या बाईच्या छातीवर बसलेलं भूत रंगवलं तेही याच अनुभवाच्या जातीचं. शार्पलेस आणि बार्बर यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले. त्यात आयुष्यात एकदा तरी हे अनुभवलेले सर्वसाधारण लोक सुमारे ७.६ टक्के, तर विद्यार्थी सुमारे २८ टक्के निघाले.

कारण असं. आरईएम झोपेत मेंदूचा तळाचा भाग हातापायांचे स्नायू बंद ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खाटेवरून उतरून पळू लागलो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि ही बंदी उठायला थोडा उशीर होतो. छातीवरचा दाबही त्यातूनच येतो: बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात, श्वास फक्त पोटाच्या पडद्यावर चालू असतो, आणि आपण घाबरून खोल श्वास घ्यायला जातो तो घेता येत नाही. म्हणून गुदमरल्यासारखं होतं. प्रत्यक्षात श्वास चालूच असतो.

आकृतीबद्दल एक नोंद सांगण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमध्ये अपस्माराच्या एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूचा, कानशील आणि माथा यांच्या सांध्यावरचा भाग विजेने उद्दीपित केला, तर तिला मागे सावलीसारखं माणूस असल्याचं जाणवलं. ती बसली की तेही बसे. २००६ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. आपलं शरीर कुठे आहे याचा हिशेब तिथे होतो. तो हिशेब बिघडला की आपलीच जाणीव दुसऱ्या कुणाची म्हणून समोर उभी राहते, असा त्याचा अर्थ लावतात.

झटका आला की अंगाशी झुंजू नका, त्याने घबराट वाढते. श्वास संथ सोडा आणि सगळं लक्ष एका पायाच्या अंगठ्यावर किंवा करंगळीवर आणून तेवढंच हलवायचा प्रयत्न करा. डोळे हलतात, ते इकडेतिकडे फिरवा. शेजारी कुणी झोपत असेल तर सांगून ठेवा. हाक मारली, हात लावला की बहुतेकदा सुटका होते. काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं, एवढाच हा खेळ. उताणं झोपणं, जागरण, रात्रपाळ्यांची अदलाबदल आणि ताण यांनी तो वाढतो. तेव्हा कुशीवर झोपा आणि उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल किंवा हसताना अचानक गुडघे लटपटत असतील, तर मात्र झोपेच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जाच. ही नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराची लक्षणं असू शकतात.

आमच्या टीव्हीवर अर्धा चित्रपट नुसता काळा दिसला. (नागपूर)

बहुतेक वेळा दोष सेटिंगचा असतो. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. दृश्यानुसार उजेड आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करा. अंधाऱ्या चित्रपटात हीच सगळा घोळ घालते. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेलं दृश्य थांबवून ब्राइटनेस (काही टीव्हींत ‘ब्लॅक लेव्हल’) पट्ट्या करड्या दिसेपर्यंत वाढवा, मग त्या नुकत्याच काळ्या होतील इतका खाली आणा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद हवी. सॅमसंगमध्ये तिला ऑटो मोशन प्लस म्हणतात, एलजीमध्ये ट्रूमोशन, सोनीमध्ये मोशनफ्लो. ती चालू राहिली तर स्वप्नातला तरंगता कॅमेरा मालिकेतल्यासारखा दिसतो. अंधारात पायऱ्या-पायऱ्या पडलेल्या दिसत असतील तर तो स्ट्रीमिंगच्या कॉम्प्रेशनचा दोष. सर्वांत वरचा दर्जा निवडा. खोलीतला दिवा घालवा, टीव्हीच्या मागे मंद पांढरा दिवा चालेल.

लघुपटात स्वप्नाचा प्रसंग घ्यायचा आहे, बजेट नाही. कसा घ्यावा? (कोल्हापूर)

आधी काय टाळायचं ते: पांढरा धूर, तिरका कॅमेरा, कडा धूसर करणं. हे दिसलं की प्रेक्षक ‘अच्छा, स्वप्न’ म्हणून सैलावून बसतो. स्वप्न बघणाऱ्याला ते स्वप्न वाटत नसतं, हे धरून चला.

‘कम ट्रू’ची युक्ती स्वस्त आहे. कॅमेरा फक्त पुढे सरकतो, एकाच संथ वेगाने, चौकट जवळपास सममित, आणि टोकाला पाठमोरी किंवा काळी आकृती. चाकांची खुर्ची आणि गुळगुळीत फरशी पुरते. सेकंदाला ४८ फ्रेमवर घेऊन २४ वर चालवलं की हालचाल निम्म्या वेगाची होते, हादरेही मऊ होतात. एकच दिवा, तोही आकृतीच्या मागे. अंधारात शूटिंग करू नका. पुरेसा उजेड ठेवून घ्या आणि रंगसंस्करणात खाली आणा, नाहीतर सावल्यांत दाणे नाचतात. शॉट दहा-पंधरा सेकंद तोडू नका. कंटाळा येईल असं वाटतं, त्याच्या जरा पुढे भीती सुरू होते.

आवाजात पंख्याची घरघर, रस्ता, सगळं काढून टाका आणि ५० हर्ट्झच्या आसपासचा एक सलग घुमारा ठेवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तो हेडफोनवर छान लागतो आणि मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात ऐकू येत नाही, कारण इतका खालचा स्वर ते स्पीकर वाजवूच शकत नाहीत. त्याच्या जोडीला २०० आणि ४०० हर्ट्झचे क्षीण स्वर मिसळा. लुकलुकणारा प्रकाश वापरलात तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त झपके देऊ नका. प्रकाशाने अपस्माराचा झटका येणारे लोक प्रेक्षकांत असू शकतात.

झोपेत मरण येणारा एल्म स्ट्रीटचा चित्रपट खऱ्या घटनेवर आहे म्हणतात. खरं का? (सोलापूर)

बीज खरं आहे. लाओसमधून अमेरिकेत आलेल्या ह्मोंग जमातीच्या निर्वासितांतले धडधाकट तरुण झोपेत दगावत होते. त्याच्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधल्या बातम्या वेस क्रेव्हन यांनी वाचल्या आणि ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ हा १९८४ चा चित्रपट त्यातून सुचला. जळालेला खुनी, चाकूंचा हातमोजा, ही सगळी कल्पना. आग्नेय आशियातल्या अशा पुष्कळ मृत्यूंचा संबंध आज ब्रुगाडा सिंड्रोमशी जोडतात. हृदयाच्या विद्युत प्रवाहातला हा आनुवंशिक दोष १९९२ मध्ये वर्णन झाला. मारतं हृदय, स्वप्न नव्हे. श्याम आणि तुलसी रामसे यांच्या ‘महाकाल’मध्येही हाच हातमोजा आहे, फक्त तिथे खुनी तांत्रिक आहे.

चित्रपट पाहिल्यापासून एकच वाईट स्वप्न पुन्हापुन्हा पडतंय. (मडगाव)

काही दिवसांत ते बहुधा आपोआप विरतं. महिनाभर टिकलं तर इमेजरी रिहर्सल ही पद्धत वापरून बघा. दिवसा, झोपायच्या वेळेपासून दूर, स्वप्न कागदावर लिहा. मग त्यात हवा तो बदल करा: दार उघडतं, आकृती वळते आणि ती शेजारची आजी निघते, काहीही. नवं स्वप्न पूर्ण लिहा आणि रोज दहा ते वीस मिनिटं डोळे मिटून तेच मनात चालवा. जुनं उगाळायचं नाही. लोक तिथेच चुकतात. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासून करू नका. स्वप्न खऱ्या अपघाताचं किंवा अत्याचाराचं असेल तर हे एकट्याने न करता समुपदेशकासोबत करा.

सहा वर्षांचा मुलगा झोपल्यावर तासाभरात किंचाळत उठतो, ओळखत नाही, सकाळी काही आठवत नाही. आमच्यासोबत भयपटाचा तुकडा पाहिला म्हणून असेल का? (अकोला)

वेळ आणि विसर पाहता हे दुःस्वप्न नसून नाइट टेरर दिसतं. दुःस्वप्नं रात्रीच्या उत्तरार्धात पडतात आणि मूल ती सांगू शकतं. हे पहिल्या तीन तासांत, गाढ झोपेत होतं. जागरण आणि ताप हीच त्याची नेहमीची निमित्तं. त्याला गदागदा हलवून उठवू नका, लागणार-पडणार नाही एवढं बघा, पाच-दहा मिनिटांत तो पुन्हा झोपेल. रोज साधारण एकाच वेळी होत असेल तर त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी हलकेच चाळवा, असं दोन-तीन आठवडे करा. हातपाय झटकत असेल, एका रात्रीत अनेकदा होत असेल किंवा घोरत असेल, तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.