चढावर क्लच स्लिप होतो, म्हणजे प्लेट बदलायलाच हव्यात का?

नाही, निदान लगेच तरी नाही. आपण लिहिले आहे की दीडशे सीसीची मोटारसायकल सर्व्हिसिंग करून आणल्यापासून चढावर नुसतीच ओरडते, वेग घेत नाही, आणि मेकॅनिक संपूर्ण क्लच सेट बदलायला सांगत आहे. खर्च किती येईल, असे आपण विचारले आहे; मी विचारतो की सर्व्हिसिंगच्या वेळी गाडीत तेल कोणते ओतले?

हा क्लचचाच दोष आहे याची खात्री आधी करून घ्यावी. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास चालत असताना थ्रॉटल एकदम उघडावा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेगाचा काटा जागचा हलला नाही, तर क्लच स्लिप होत आहे, म्हणजे त्याच्या प्लेट एकमेकींवर घसरत आहेत आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही काटे सारखेच मरगळलेले राहिले, तर इंजिनच दमले आहे. आणि जोर पडताच खडखड करत झटके बसत असतील, तर चेन आणि स्प्रॉकेट पाहावे. त्यानंतर क्लचच्या लिव्हरला टोकाशी पुरेसा फ्री प्ले, म्हणजे क्लच ओढला जाण्याआधीची मोकळी हालचाल, आहे का ते पाहावे. बहुतेक गाड्यांना तो १० ते २० मिलिमीटर लागतो. केबल ताणून बसवली असेल तर स्प्रिंगांना प्लेट पूर्ण दाबताच येत नाहीत, म्हणजे आपण लिव्हर सोडलेले असतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो.

आता तेलाविषयी. आमचे दाजी चारचाकी बाळगतात आणि त्यामुळे इंजिनाविषयी त्यांचा शब्द घरात अखेरचा मानला जातो. एका दिवाळीत आम्ही कराडहून चिपळूणला निघणार होतो, तर आदल्या दिवशी त्यांनी कारसाठी आणलेल्या ५डब्ल्यू-३० तेलातले उरलेले तेल माझ्या गाडीत ओतले. मी हरकत घेतली तेव्हा म्हणाले, "अरे, तेल म्हणजे तेल. उलट हे जास्त महागाचं आहे." जाताना घाट उतरायचाच असल्याने चिपळूणपर्यंत सर्व ठीक होते. परतताना कुंभार्ली घाट चढू लागलो तेव्हा मात्र, मागे बायको आणि सामान असताना, दुसऱ्या गिअरमध्ये काटा सात हजारांवर आणि गाडी बैलगाडीच्या वेगाने, असा प्रकार सुरू झाला. वरून जळका वास. मागे फिरून चिपळूण गाठले, तर तिथल्या मेकॅनिकने झाकण न उघडताच प्लेट गेल्या म्हणून सांगितले, आणि दाजींनी फोनवर निदान केले की मला गाडी चालवता येत नाही, मी अर्धा क्लच धरून चालवतो.

मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो, कारचा तसा नसतो, हे त्या दोघांनीही लक्षात घेतले नाही. इंधन वाचावे म्हणून कारच्या अनेक पातळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळतात; डब्यावरील एपीआयच्या (तेलाचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) वर्तुळात खालच्या बाजूला 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असे छापलेले असते. क्लच तर घर्षणावरच चालतो. म्हणून मोटारसायकलच्या तेलावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ अशी खूण पाहावी. एमबी हे कमी घर्षणाचे तेल गिअरलेस स्कूटरसाठी असते, कारण तिचा क्लच कोरडा असतो. ते मोटारसायकलमध्ये ओतू नये.

मी तेथेच तेल काढून एमए२ भरले. स्लिप होणे बरेच कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. कराडला परतल्यावर गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलती ठेवून उजवे झाकण मी स्वतः उघडले, प्लेट व्हर्नियरने मोजल्या आणि त्यांची जाडी पुस्तिकेतील मर्यादेच्या बरीच वर निघाली. लोखंडी प्लेटही तापून निळसर पडलेल्या नव्हत्या. सर्व धुऊन, ताज्या तेलात भिजवून परत बसवले, तेल पुन्हा एकदा बदलले, आणि त्याच प्लेटवर ती गाडी पुढे कित्येक वर्षे घाट चढली. तरी दाजी आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की प्लेट आधीच गेलेल्या होत्या.

अर्थात, प्रत्येक वेळी दोष तेलाचाच असतो असे नाही. शहरातील गर्दीत अर्धा क्लच धरून हजारो किलोमीटर झाले असतील, तर प्लेट खरोखरच झिजतात, आणि स्लिप होत असताना गाडी बराच काळ दामटली असेल तर चांगल्या प्लेटही जळून चकचकीत होतात. मग त्या बदलाव्याच लागतात. तेव्हा स्प्रिंगांची लांबीही मोजावी, लोखंडी प्लेट सपाट काचेवर ठेवून वाकल्या आहेत का पाहावे, नव्या प्लेट रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्यात, गॅस्केट नवे घ्यावे आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. कारची सगळीच तेले वाईट असतात असेही माझे म्हणणे नाही. पण ज्या डब्यावर एमए लिहिलेले नाही, ते तेल मी माझ्या गाडीत पुन्हा येऊ दिलेले नाही.

खर्च गाडीगणिक वेगळा असतो, त्यामुळे आकडा सांगत नाही. आधी केबल, मग तेल, आणि तरीही झाकण उघडण्याची वेळ आलीच तर व्हर्नियर घेऊन शेजारी उभे राहावे. काढलेल्या जुन्या प्लेट मागून घ्याव्यात, आणि घरात असे कोणी दाजी असतील तर त्यांच्यादेखत मोजाव्यात.