ढील कधी द्यायची

चि. यास अनेक आशीर्वाद.

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या शिंगराचे फोटो पाहिले. कानांची टोकं एकमेकांना भिडतात, अंगाने लुकडं आहे, पण पाय सरळ. मला आवडलं. तीन वर्षांचं सांगितलं ना? खालचे मधले दोनच दात बदललेत, शेजारचे अजून दुधाचेच. ते साडेतीनच्या सुमारास पडतात. म्हणजे विकणारा खोटं बोलला नाही, यात्रेत हेही नशीबच! तरी बसायची घाई नको. घोड्याच्या पाठीची हाडं पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत भरत असतात. येत्या दिवाळीनंतर बस, तेही दहा मिनिटं.

तोवर तोंडावर बांधायची म्होरकी आणि लांब दोर, एवढंच.

दोराला हलका ताण दे आणि थांब. ते मान ताठ करील, मागे रेटील. तू ताण वाढवू नकोस, सोडूही नकोस. मग एका क्षणी छाती तुझ्याकडे जराशी कलते. पाऊल अजून उचललेलं नसतं. तिथेच ढील दे. पाऊल पडायची वाट पाहिलीस तर उशीर झाला. आपण काय केलं तेव्हा दोर सैल पडला, एवढंच ते ध्यानात ठेवतं. रेटत असताना तुझा हात सुटला, तर उद्या दुप्पट रेटील. ढील मिळाल्यावर बहुधा ओठ चाटतं, मान खाली सोडतं. तेवढा वेळ गप्प उभा राहा. फोन खिशातच ठेव.

खोगिराच्या बाबतीत मी तरुणपणी माती खाल्ली. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एका दमात आवळला. तापीकाठचं ते शिंगरू उधळलं, खोगीर फिरून पोटाखाली गेलं आणि तसंच लोंबकळत ते कपाशीतून पळालं. पुढे चार महिने खोगीर नुसतं दिसलं तरी थरथरायचं. तू आधी तंग पोटाला फक्त टेकव. मग एक भोक, चार पावलं चालव, मग दुसरं. आणि सगळं दोन्ही बाजूंनी. डावीकडून ओळखीचं झालेलं खोगीर उजवीकडून त्याला नवंच वाटतं. थेट मागून मात्र जाऊ नकोस, तिथलं त्याला दिसत नाही.

चैत्र लागला की काम पहाटेच उरक, आपलं ऊन तुला ठाऊक आहे. केळीच्या बागेकडे ने, पण आधी लांबूनच. सुकी पानं सळसळली की बुजेल. बुजू दे, पाहू दे, मग दोन पावलं जवळ.

महिन्यात रेवाल चाल, ती न हिंदकळणारी झपझप चाल, बसवून देतो म्हणत कोणी आलाच, तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

रविवारी येतो. अंग घासायचा माझा जुना खरारा आणतो, बाजारातले नवे टोचतात. तोवर रोज उजव्या बाजूने मानेच्या बुडाशी खाजवत जा.

तुझा,
काका